खदानीच्या पाण्याचा ओटा

"पोट्टा कुठं गेला वं?" मैनाआत्यानं माझ्या कानाशी तोंड आणून विचारलं.

मला काय माहीत? मला पाहायला आलेला मुलगा हात धुऊन येतो म्हणून मागच्या दारानं गेला होता, तो परत आलाच नव्हता. त्याच्या चहावर साय धरली होती. बाहेरच्या खोलीत त्याचे देवराव मामा मफलर गुंडाळून पोह्यांची दुसरी ताटली संपवत होते, आणि माझे बाबा त्यांना हवापाण्याच्या गोष्टी सांगून वेळ मारून नेत होते.

"नालीत तर नाही ना पडला?" आत्या म्हणाली. "जाय, पाह्य बरं."

"मी? मला पाहायला आलाय तो."

"मंग त्याले शोधून आण अन् मंग पाहू दे."

मी नव्या साडीचा पदर खोचला आणि मागच्या दारानं बाहेर पडले.

ही चंद्रपूरकडची, कोळसा खाणीच्या कॉलनीतली गोष्ट. आम्ही खाण म्हणत नसू, खदान म्हणायचो. आमच्या खदानीतला कोळसा संपला, माणसं दुसऱ्या खदानींवर गेली, माणसांना खाली नेणारा पिंजरा वरच्या वर अडकवून ठेवला. चालू राहिला तो फक्त पंप. खालच्या खालून शेजारची खदान आमच्या खदानीला लागून होती. इथलं पाणी उपसलं नाही तर ते तिकडे शिरलं असतं. म्हणून बाबा, तुळशीराम झाडे, पंप खलाशी, बंद खदानीवरही कामावर होते. त्यांनी उपसलेलं पाणी आधी उंचावरच्या हौदात पडे, गाळ खाली बसला की आमच्या क्वार्टरांच्या मागच्या नालीतून नाल्याला जाऊन मिळे. हिवाळ्यात सकाळी त्या नालीतून वाफा निघत. बायका तिथं कपडे धूत, पोरं डुंबत. पण इतक्या वर्षांत त्या पाण्याकडे कुणी मुद्दाम पाहिलं असेल असं वाटत नाही.

तो पाहत होता. नालीच्या काठच्या दगडावर बसला होता, इस्त्रीची पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, बूट बाजूला, दोन्ही पाय पाण्यात.

"बाई, हे पाणी नेहमी असंच असतं का?" माझ्याकडे न बघताच त्यानं विचारलं.

"असंच म्हणजे?"

"गरम."

"खदानीतलं आहे. गरमच असतं."

"आणि हे सगळं नाल्यात जातं?"

"मग कुठं जाणार?"

"आम्ही तिकडे कागद कारखान्यात बॉयलरपुढं उभे राहून घामाघूम होतो हो. गाड्याच्या गाड्या कोळसा जाळतो. आणि इथं..." त्यानं ओंजळीत पाणी घेतलं आणि सोडून दिलं. "किती खोलवरून येतं?"

"ते बाबांना विचारा. पंपावर तेच असतात."

"अरे वा! म्हणजे मी तुमच्याच घरी आलोय बहुतेक. मुलगी पाहायला."

"हो. ती मुलगी मीच."

तो इतक्या घाईनं उठला की नमस्काराला जोडलेले हात सुटले आणि पायाचा धक्का लागून एक बूट नालीत पडला. बूट होडीसारखा तरंगत निघाला. मी खाली धावत जाऊन, कपडे धुवायच्या दगडाशी अडकलेला तो बूट बाभळीच्या काडीनं बाहेर काढला. हेमराज पिंपळशेंडे, कागद कारखान्यात बॉयलर विभागात सुपरवायझर, आमच्या घरात परत आला तो एका पायात कोरडा आणि एका पायात पचपच वाजणारा बूट घालून.

"विचार ना काही मुलीले," देवराव मामा म्हणाले.

हेमराजनं थोडा विचार केला आणि बाबांकडे वळून विचारलं, "पंप किती हॉर्सपॉवरचा आहे जी?"

बाबांचा चेहरा असा उजळलेला मी क्वचितच पाहिला होता. त्यांच्या पंपाची चौकशी करणारं माणूस आमच्या घरी कधी आलंच नव्हतं. उत्तर देता देता ते उठले, चपला घातल्या, आणि दोघं पंपघराकडे चालू पडले. खोलीत उरलो मी, आत्या आणि मामा.

"हा असाच आहे," मामा ओशाळून म्हणाले. "बॉयलरवर काम करून करून डोक्स तापलं त्याचं. अन् बाई, ते खिडकी लावा ना जरा. काय थंडी आहे!"

आत्यानं लगेच खिडकी लावली. तिच्या पायाशी शेगडी होती, लाल कोळशांनी भरलेली. मी उठून खिडकी उघडली.

"वैजू!"

"असू दे उघडी."

"पाहुणे कुडकुडून राह्यले ना!"

तिनं लावली, मी उघडली. मामांनी मफलर डोक्यावरून घेतला आणि पोह्यांची ताटली पुढं केली.

संध्याकाळपर्यंत कॉलनीभर झालं, झाड्यांची पोट्टी पाहायला आलेला पोट्टा पाणी पसंत करून गेला. पंपावरून परतल्यावर बाबा मात्र खुशीत होते.

"माणूस चांगला आहे. काय म्हणतेस?"

"नको."

"काऊन?"

"नको म्हटलं ना."

आधीच्या मुलांना नाही म्हणताना मी काही ना काही कारण सांगत असे. एकाचा आवाज किरटा, एकाचं गाव लांब. या वेळी कारणही सांगितलं नाही. आत्या दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. बाबांनी नाइलाजानं निरोप पाठवला.

आणि रविवारी सकाळी हेमराज आमच्या दारात उभा. हातात लांबलचक थर्मामीटर, खांद्यावर हत्यारांची पिशवी.

मी दारातच उभी राहिले. "तुम्हाला निरोप मिळाला नाही का?"

"मिळाला ना."

"मग?"

"तो लग्नाला होता," तो म्हणाला. "पाण्याला नव्हता ना?"

मला हसू आवरलं नाही. मागून आत्याही हसली. मग तिनं आपल्या मनानं त्याच्यासाठी चहा टाकला.

त्या दिवशी त्यानं हौदातलं पाणी मोजलं, नालीतलं मोजलं, पुन्हा हौदातलं मोजलं. "अंगाला सोसवेल असं आहे, आणि सकाळ असो की दुपार, कमी होत नाही," तो बाबांना सांगत होता. "हौद उंचावर आहे. पाइप टाकला की उतारानं आपोआप घरापर्यंत येईल. न्हाणीत नळ लावू. आत्याबाईंना सकाळी उठून पाणी तापवायला नको." बाबांनी जाऊन मॅनेजरसाहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, नाल्यात जाणारं पाणी आहे, घेऊन जा. पुढच्या रविवारी हेमराज एका टेम्पोतून जुने लोखंडी पाइप घेऊन आला. कारखान्यानं भंगारात काढलेले, पण धड होते.

बाबा रात्रपाळी करून आले होते, ते झोपायला गेले. आत्या शेजारी बसायला गेली. मी अंगणात गहू निवडत होते आणि हेमराज पाइपांना आटे पाडत होता.

"एक विचारू का?" तो म्हणाला. "राग येणार नसेल तर."

"विचारा."

"तुमची ती खिडकी. मी आलो तेव्हा उघडी होती. मागच्या रविवारी उघडी होती. आज तर झाडाच्या पानांवर दहिवर आहे आणि खिडकी उघडीच. आत्याबाईंचे गुडघे धरलेत. त्या लावतात, तुम्ही उघडता. काय भानगड आहे?"

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. त्याला का सांगावीशी वाटली, कोण जाणे. कदाचित त्याला नकार देऊन झाला होता म्हणून असेल. आता त्याच्यापुढं काही राखायचं उरलं नव्हतं.

"मागच्या हिवाळ्यात," मी म्हटलं, "मी पहाटे उठून नालीवर कपडे धुवायला गेले. थंडी फार होती. मी गेल्यावर आत्यानं शेगडी खाटेखाली ओढली आणि दार-खिडक्या लावून परत झोपली. मी आले तर हाक मारून उठेना. चेहरा लालबुंद. धूर दिसला असता तर कळलं असतं, पण धूर नव्हताच. नुसते लाल कोळसे, आणि कोंडलेली विषारी हवा. तिला ओढत ओढत अंगणात आणलं. बऱ्याच वेळानं ओकली, मग डोळे उघडले."

"आणि?"

"आणि म्हणाली, केस कायले ओढते माये?"

तो हसला नाही. मीही नाही.

"बाबांना सांगायचं नाही अशी शपथ घातली तिनं मला. बाबांनी शेगडी फेकून दिली असती, आणि शेगडीशिवाय तिला हिवाळा निघत नाही. रात्रभर कण्हते. माझी आई गेल्यापासून तिनंच मला वाढवलंय. आता बाबांची कायम रात्रपाळी. घरात आम्ही दोघीच."

एवढं बोलून मी सूप हातात घेतलं. मी एकामागून एक मुलांना का नाकारत होते, हे त्याला त्या क्षणी कळलं असणार. आटे पाडलेला पाइप त्यानं खाली ठेवला आणि उठून घरात डोकावून पाहिलं, आत्याची खाट, भिंत, खाटेखालची शेगडी. बराच वेळ पाहत उभा राहिला.

"न्हाणी राहू द्या," तो म्हणाला. "विटा कुठं मिळतील?"

आत्याच्या खाटेच्या जागी आम्ही ओटा बांधला. विटांचा आणि मातीचा, एका माणसाला ऐसपैस निजता येईल एवढा. त्याच्या पोटात पाइप नागमोडी फिरवले. हौदातलं पाणी एका टोकानं शिरायचं, ओट्यात वळणं घेत हिंडायचं आणि दुसऱ्या टोकानं नालीत जायचं. माती मी पायांनी तुडवली, भुसा बाबांनी आणला. आत्या खुर्चीवर बसून चुका काढत होती. कॉलनीतल्या बायका या ना त्या निमित्तानं डोकावून जात.

"काय करून राह्यले वं हे?"

"मले शिजवून राह्यले," आत्या सांगायची.

ओटा वाळल्यावर पहिल्यांदा पाणी सोडलं तेव्हा दाराशी ही गर्दी. आत्याला मानानं ओट्यावर बसवलं. हेमराजनं व्हॉल्व्ह फिरवला. पाणी आत शिरल्याचा गुळगुळ आवाज आला.

"काही वाटतं का?" बाबांनी विचारलं.

"हाव," आत्या म्हणाली. "ओलं वाटून राह्यलं."

आतला एक जोड सुटला होता. आम्ही तिला उठवेपर्यंत ओट्याचा मधला भाग बसला होता आणि आत्याचं नऊवारी लुगडं पिवळ्या चिखलात. बायकांची हसून हसून पुरेवाट झाली. आत्या मात्र हेमराजच्या अंगावर ओरडली, "गरम करतो म्हणे! अरे, म्हशीवानी चिखलात बसवलं ना मले!"

मला वाटलं, आता हा येत नाही. त्याचे कान लाल झाले होते. हत्यारं गोळा करून तो गेला.

पण तो पुढच्या रविवारची वाट न पाहता शनिवारीच सुटी काढून आला. सगळा ओटा फोडला, प्रत्येक जोड सोडवून परत बसवला, आणि माती घालायच्या आधी उघड्या पाइपांतून दिवसभर पाणी वाहू देऊन पाहिलं. मी त्याच्या शेजारी बसून एकेक जोड हातानं चाचपत होते. "इथं कोरडं आहे," मी म्हणायची. "इथंही." त्या दिवशी आम्ही याखेरीज फारसं काही बोललो नाही, आणि तरी दिवस कसा गेला ते कळलं नाही.

माती वाळायला आठवडा गेला. मग एका सकाळी, कडाक्याची थंडी असताना, पुन्हा पाणी सोडलं. या वेळी आम्ही कुणाला बोलावलं नव्हतं. आत्या आधी बसायलाच तयार नव्हती. मग सतरंजीची चौघडी घालून कडेला टेकली, पळता यावं म्हणून एक पाय जमिनीवर ठेवून.

बाबा दाराशी थांबले. हेमराज गुळगुळ ऐकत भिंतीशी उभा होता. मी खिडकीपाशी.

थोड्या वेळानं आत्यानं जमिनीवरचा पाय वर घेतला. मग मांडी घातली. मग वरची शाल काढून बाजूला ठेवली. ओट्यावर तळहात टेकवला, उचलला, पुन्हा टेकवला. काही बोलेल म्हणून आम्ही वाट पाहत होतो, तर ती भिंतीला डोकं टेकवून बसल्या बसल्या झोपली. चांगली घोरायला लागली.

मी वाकून शेगडी उचलली, अंगणात नेऊन ठेवली, आणि आत येऊन खिडकी लावून घेतली.

हेमराजनं ते पाहिलं. मग पिशवी उचलली, बाबांना नमस्कार केला आणि दबक्या आवाजात म्हणाला, "येतो. आता सकाळ-संध्याकाळ व्हॉल्व्हकडे लक्ष ठेवा तेवढं." माझ्याकडे पाहून मान हलवली आणि गेला.

बाबा अंगणात आले. शेगडीशी उकिडवे बसून हात शेकत म्हणाले, "चला. आता मलेही पंप सोडून मधूनच घराकडं यायचं काम नाही राह्यलं."

"तुम्ही यायचे? कशाला?"

"खिडकी पाहाले. उघडी दिसली की परत जात होतो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"आत्यानंच सांगितलं ना. तू तिले अंगणात ओढलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी. म्हणे, पोरीले कळू देऊ नको मी तुले सांगितलं ते, उगाच तिच्या जीवाले घोर."

"मला म्हणाली बाबांना सांगू नको!"

बाबा हसायला लागले, तशी मीही. हसता हसता ते एकदम थांबले. माझ्याकडे नीट पाहून म्हणाले, "वैजू, तू आत्यापायीच पोरायले नाही म्हणत होती का?"

मी वाकून शेगडीतली राख फुंकू लागले. बाबांनी तोंडावरून हात फिरवला.

"अन् मी समजत होतो, तुले कोणाचं नाकच पसंत पडत नाही." ते उठले. "एसटी अजून यायची असन. जाय."

मी तशीच गेले, पायाला मातीचे डाग, अंगावर घरातलं लुगडं. कॉलनीच्या तोंडाशी, चिंचेखाली एसटी थांबायची. हेमराज एकटाच उभा होता.

"काय झालं?" तो घाबरून म्हणाला. "गळतंय का?"

"नाही. आत्या झोपली आहे." मला धाप लागली होती. "एक विचारायचं राहिलं. ते पाइप किती वर्षं टिकतील?"

"लोखंडी आहेत. आत गाळ धरणार, गंजणार. दरवर्षी हिवाळ्याआधी उघडून साफ करावे लागतील."

"ते कोण करणार?"

"मी येईन ना."

"एकटे?"

"एकट्यानं नाही व्हायचं ते. जोड धरायला कुणीतरी लागेल."

"मी धरीन."

"तुम्ही तर इथंच असणार. मग काही प्रश्नच नाही."

पाण्याचं ज्याला एवढं कळतं त्याला माणसाचं इतकं कमी कसं कळतं, असं मला वाटलं. एसटी धुरळा उडवत येऊन थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"इथं नसणार," मी म्हटलं. "तुमच्याकडून येईन म्हणते. तुमच्याबरोबर."

त्यानं एक पाय पायरीवर ठेवला होता, तो तसाच राहिला.

"बसता का नाही, साहेब?" कंडक्टर म्हणाला.

हेमराजनं पाय खाली घेतला. "नाही," तो त्याला म्हणाला. "जाऊ द्या तुम्ही." आणि मग माझ्याकडे वळून, "पण तो निरोप?"

"तो पाण्याला नव्हता ना," मी म्हटलं.

लग्न मे महिन्यात झालं. चंद्रपूरकडचा मे म्हणजे काय ते सांगायला नको. मांडवातल्या झालरीसुद्धा मलूल होऊन लोंबत होत्या, वाजंत्री सावलीसाठी भांडत होते. ओट्याचा व्हॉल्व्ह बाबांनी होळीनंतरच बंद केला होता, आणि त्या दिवशी ओट्यावर पाहुण्यांच्या ट्रंका रचल्या होत्या.

मुहूर्ताची वेळ झाली आणि मुलाचे मामा सापडेनात. अंतरपाट धरायला तेच हवे होते. हेमराज पाटावर उभा, मी आतल्या दाराशी. बाबा इकडे धावताहेत, तिकडे धावताहेत. शेवटी आत्याच आत गेली, आणि तिचा आवाज ऐकून मीही मागोमाग.

देवराव मामा ओट्यावर आडवे पडले होते. ट्रंका खाली उतरवलेल्या, सदरा काढून उशाशी, गाल ओट्याला टेकलेला. शेजारी वऱ्हाडातली आणखी दोन माणसं, आणि एक म्हातारेबुवा पायथ्याशी जागेसाठी हुज्जत घालत होते.

"मामा, मुहूर्त!" आत्या ओरडली.

"पाच मिनिटं, बाई," मामा डोळे न उघडता म्हणाले. "तोंड धुवाले म्हणून तो नळ फिरवला, तर नळाले पाणीच नाही. वैतागून इथं टेकलो. हात लावून पाहा तुम्ही. थंडगार! एवढ्या उन्हात!"

आत्यानं ओट्यावर तळहात ठेवला. उचलला. पुन्हा ठेवला. मीही ठेवला. आत गुळगुळ वाजत होतं; मामांनी नळ समजून ओट्याचा व्हॉल्व्हच फिरवला होता. खदानीच्या पाण्याला बाहेरच्या ना हिवाळ्याचा पत्ता होता, ना उन्हाळ्याचा. ते आपलं जसंच्या तसं येत होतं. भाजून काढणाऱ्या त्या घरात तेवढी एकच जागा गार होती.

मांडवातून भटजींची हाक आली. मामांना दोघांनी धरून उठवलं, तर त्यांच्या जागी लगेच म्हातारेबुवा आडवे झाले. आत्या हात पुशीत दाराशी आली, मांडवात पाटावर घामानं निथळत उभ्या असलेल्या हेमराजकडे तिनं डोळे बारीक करून पाहिलं, आणि माझी मुंडावळ सारखी करत म्हणाली,

"ओटा तं दोन्ही मोसमांत कामाचा निघाला माये. जाय आता. जावई कसा निघते, पाहू."